तिसऱ्या फर्मेंटरमधलं अल्कोहोल कुठे गेलं?

मार्च संपत आला होता. वाळवा तालुक्यातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत वॉशमधलं, म्हणजे यीस्टनं आंबवलेल्या पातळ मळीतलं, अल्कोहोल उतरायला लागलं. बी हेवी मळीवर (साखर काढताना मधल्या टप्प्यावर बाजूला काढलेल्या, जास्त साखरेच्या मळीवर) एरवी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास असणारा आकडा नऊवर आला, मग साडेआठवर, आणि तिसऱ्या फर्मेंटरमध्ये (आंबवण्याच्या टाकीत) तर आठावर येऊन बसला. तीस तासांत उरकणारी बॅच छत्तीस तास झाले तरी संपेना. वॉशमध्ये न आंबलेली साखर नेहमीपेक्षा पावणेदोन-दोन टक्क्यांनी जास्त राहू लागली. सुरुवातीला ४.७ असणारा पीएच बॅच संपताना ४.१ पर्यंत घसरू लागला.

अशा वेळी डिस्टिलरीत जे होतं तेच इथेही झालं. इन्चार्जसाहेबांच्या मते मळी खराब होती. मळी देणाऱ्या साखर विभागाच्या मते डिस्टिलरीवाल्यांना यीस्ट सांभाळता येत नव्हतं. टाक्यांवर वर्षानुवर्षं काम केलेल्या ऑपरेटरला सगळे मामा म्हणतात, ते मॅनहोलपासून हातभर लांब उभे राहून एवढंच म्हणाले, "सायेब, वास बदललाय. ह्यो आपला वास न्हाई." वासाची नोंद करायला लॉगबुकात रकाना नसतो, त्यामुळे ती गोष्ट तिथेच राहिली.

मी सांगलीत सूक्ष्मजीवशास्त्र शिकवतो. डिस्टिलरीच्या लॅबमधली केमिस्ट माझी जुनी विद्यार्थिनी, म्हणून नमुने माझ्यापर्यंत आले. कारखान्याचं नाव इथे लिहीत नाही आणि आकडे गोल केले आहेत. हे प्रकरण लिहावंसं वाटलं त्याचं कारण असं, की आदिकेंद्रकी (केंद्रक नसलेल्या, जीवाणूंसारख्या) आणि दृश्यकेंद्रकी (केंद्रक असलेल्या, यीस्टसारख्या) पेशींमधले फरक आपण अकरावीला तक्ता करून पाठ करतो, परीक्षेत उतरवून काढतो आणि सोडून देतो. या टाकीत दोन्ही प्रकारच्या पेशी एकाच मळीवर जगत होत्या. एकीला वाचवायचं होतं आणि दुसरीला मारायचं होतं. तक्त्यातली कोणती ओळ कामाला येते आणि कोणती नुसती शोभेची, हे अशा ठिकाणी लगेच कळतं.

औषध लागू पडतं, पण रोग जात नाही

माझ्याकडे नमुने येण्याआधी दोन उपाय करून झाले होते. पहिला म्हणजे यीस्ट बदललं. कोरड्या यीस्टचं नवं पाकीट फोडून प्री-फर्मेंटरमध्ये नव्यानं वाढवलं. दोन बॅचेस चांगल्या गेल्या, तिसरी पुन्हा पडली. मग अँटिबायोटिकचा डोस दुप्पट केला. पुन्हा तेच: दोन बॅचेस बऱ्या, नंतर ये रे माझ्या मागल्या.

औषध घातल्यावर आकडा वर येतो, याचा अर्थ टाकीत जीवाणू आहेत आणि औषध त्यांना लागतंय. आकडा पुन्हा पडतो, याचा अर्थ जीवाणू कुठूनतरी परत येताहेत. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर पेशीच्या रचनेत मिळतं, दुसऱ्याचं पाइपलाइनमध्ये. डिस्टिलरीत दोन्ही एकच समजून डोस वाढवत नेला जात होता.

काचपट्टीवर काय दिसलं

तिसऱ्या फर्मेंटरच्या वॉशचा थेंब काचपट्टीवर घेतला, मिथिलीन ब्लू घातलं, आधी चाळीसच्या भिंगाखाली आणि मग तेल घालून शंभरच्या भिंगाखाली पाहिलं. मिथिलीन ब्लूचा उपयोग जिवंत-मेलेलं यीस्ट ओळखायला होतो. जिवंत पेशी तो रंग आतल्या आत घालवून टाकते आणि पांढुरकी दिसते, मेलेली निळीच राहते. चांगल्या टाकीत दहातलं एखादं यीस्ट निळं असतं. इथे दहातली तीन निळी होती. कळी फुटलेल्या, म्हणजे वाढत्या, पेशी तर शोधाव्या लागत होत्या.

आणि त्यांच्या मधे काड्या. शाळूच्या दाण्यांत मोडलेलं जिरं मिसळावं तशा बारीक काड्या, काही एकेकट्या, काही जोडीनं, काही यीस्टच्या अंगाला चिकटून. यीस्टची पेशी पाच ते दहा मायक्रोमीटरची; या काड्या जेमतेम पाऊण ते एक मायक्रोमीटर जाड आणि दोन-चार मायक्रोमीटर लांब. मळीतला गाळ आणि क्षारांचे कणही मधे येतात, पण त्यांना धड आकार नसतो. काड्या सगळ्या एका मापाच्या होत्या.

केमिस्टबरोबर एक शिकाऊ मुलगा आला होता, नुकताच बीएस्सी झालेला. तो भिंगातून बघून खुशीत म्हणाला, "सर, न्यूक्लिअस मस्त दिसतंय." यीस्टच्या पेशीत मोठा गोल डाग दिसतो खरा, पण ते केंद्रक नसतं, ती रिक्तिका, म्हणजे द्रवाची पिशवी, असते. खास रंग दिल्याशिवाय साध्या सूक्ष्मदर्शकात यीस्टचं केंद्रक वेगळं ओळखू येत नाही. तक्त्यातली पहिली ओळ काय? 'एकीत पटलानं वेढलेलं केंद्रक असतं, दुसरीत नसतं.' सगळ्यात महत्त्वाची ओळ, आणि टाकीवरच्या माणसाला ती दिसतसुद्धा नाही. त्याला दिसतं ते माप, दिसते ती कळी.

ग्रॅम रंजनानंही फसायला होतं. हान्स क्रिश्चन ग्रॅमनं १८८४ मध्ये ही पद्धत दिली तेव्हापासून जीवाणूंची पहिली विभागणी तिच्यावर होते. या काड्यांसारखा दिसणारा, साखरेचं लॅक्टिक आम्ल करणारा लॅक्टोबॅसिलस हा जीवाणू जांभळा दिसतो. पण यीस्टही जांभळंच दिसतं! यीस्टच्या जाड भित्तिकेतून रंग लवकर सुटत नाही, एवढंच त्याचं कारण. ती भित्तिका वेगळ्याच मालाची असते. तेव्हा नुसत्या रंगावर जाऊ नये. मी त्या मुलाला काचपट्टीवर मोजपट्टी लावून मापं घ्यायला बसवलं.

त्या मापातच बरंच काही आहे. सहा मायक्रोमीटरच्या यीस्टचं घनफळ काढलं तर सुमारे ११३ घन मायक्रोमीटर येतं. पाऊण-एक मायक्रोमीटर जाड आणि तीन लांब काडीचं दीड. म्हणजे एका यीस्टच्या जागेत सत्तर-पंचाहत्तर काड्या मावतील. पण घनफळाच्या तुलनेत पृष्ठभाग पाहिला, तर काडीचा पृष्ठभाग यीस्टच्या पाचपट भरतो. पेशीत साखर शिरते ती पृष्ठभागातून. शिवाय जीवाणूमध्ये केंद्रकाचं पटल मधे नसल्यानं जनुकाची प्रत निघत असतानाच तिच्यावरून प्रथिन तयार व्हायला लागतं. यीस्टमध्ये ती प्रत आधी केंद्रकाबाहेर यावी लागते. लहान पेशी भराभर खाते आणि भराभर वाढते ती अशी. आतड्यातला एश्चेरिशिया कोलाय हा जीवाणू चांगल्या परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो, यीस्टला दीड तास लागतो. लॅक्टोबॅसिलस एवढा झपाट्याचा नसला, तरी छत्तीस तासांची बॅच त्याला भरपूर झाली.

लीलमधली जुनी गोष्ट

हा गुंता नवा नाही. १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात बिगो नावाचा कारखानदार बीटच्या साखरेपासून अल्कोहोल काढत असे. त्याच्या काही टाक्यांत अल्कोहोलऐवजी आंबट पाणीच हाती येऊ लागलं. लुई पाश्चर तेव्हा तिथल्या विज्ञान विद्याशाखेचे प्रमुख होते. त्यांनी चांगल्या आणि बिघडलेल्या टाक्यांतले नमुने सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. चांगल्या टाकीत यीस्टचे गोलाकार कण होते, बिघडलेल्या टाकीत त्याहून कितीतरी बारीक, लांबट जीव. पुढच्याच वर्षी त्यांनी लॅक्टिक किण्वनावरचा निबंध वाचला. आंबणं हे निव्वळ रासायनिक कुजणं नसून जिवंत पेशींचं काम आहे आणि वेगळं आंबणं हे वेगळ्या जीवाचं काम आहे, हा विचार त्या टाक्यांतून पुढे आला. बीटच्या जागी ऊस ठेवा, बाकी सगळं आपल्याकडचंच. मामांचा 'ह्यो आपला वास न्हाई' हा शेरा त्याच जातीचा. लॉगबुकात नाही, पण चुकीचाही नाही.

एक नमुना, दोन प्लेटा

काचपट्टीवर जीवाणू दिसले म्हणजे किती आहेत ते कळलं असं होत नाही. मोजायचे तर वाढवावे लागतात, आणि वॉशमध्ये यीस्ट इतकं असतं की साध्या माध्यमावर ते सगळी जागा खाऊन टाकतं. म्हणून एकाच नमुन्याच्या दोन प्लेटा (माध्यम ओतलेल्या चपट्या ताटल्या) घातल्या.

पहिल्या प्लेटमध्ये क्लोरॅम्फेनिकॉल होतं. ते जीवाणूच्या रायबोझोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, बसतं आणि प्रथिनं बनणं थांबवतं. यीस्टच्या पेशीद्रवातल्या रायबोझोमवर त्याचा परिणाम होत नाही, त्यामुळे या प्लेटवर फक्त यीस्ट उगवतं. दुसऱ्या प्लेटमध्ये सायक्लोहेक्झिमाइड होतं, ते बरोबर उलटं वागतं. दृश्यकेंद्रकी पेशीचा रायबोझोम ते अडवतं, जीवाणू मात्र मजेत वाढतात. ही दुसरी प्लेट मेणबत्ती लावलेल्या बंद बरणीत ठेवली, कारण लॅक्टिक जीवाणूंना कमी ऑक्सिजन मानवतो.

सायक्लोहेक्झिमाइड हाताळताना हातमोजे घालायचे आणि पावडर हवेत उडू द्यायची नाही, हे मी मुलांना दर वेळी बजावतो. आपले रायबोझोमही यीस्टच्याच जातीचे आहेत. जे यीस्टला थांबवतं ते आपल्यालाही सोडत नाही. बुरशीच्या आजारावर सुरक्षित औषध शोधणं हे जीवाणूंवर शोधण्यापेक्षा अवघड का जातं, याचं उत्तर त्या छोट्या बाटलीवरच्या धोक्याच्या चिन्हात आहे.

आणखी एक गंमत. सायक्लोहेक्झिमाइड मिळतं स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस या मातीतल्या जीवाणूपासून, आणि स्ट्रेप्टोमायसिनही त्याच जातीपासून मिळालं. एक पदार्थ दुसऱ्या जीवाणूंचे रायबोझोम बिघडवतो, दुसरा बुरशीचे. मातीत त्याला दोन्ही शेजाऱ्यांशी भांडायचं असतं. आदिकेंद्रकी-दृश्यकेंद्रकी हा भेद आपण १९२५ च्या सुमारास फ्रेंच जीवशास्त्रज्ञ एदुआर शातोंकडून शिकलो. त्या जीवाणूचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होतं.

दोन-तीन दिवसांनी प्लेटा मोजल्या. यीस्ट मिलिलिटरला सुमारे दहा कोटी. संख्या वाईट नव्हती, फक्त त्यातलं बरंचसं थकलेलं होतं. जीवाणू मिलिलिटरला सव्वा कोटी. पहिला फर्मेंटर त्या मानानं चांगला चालला होता, त्यात हाच आकडा काही हजारांत होता.

खाल्लं किती, बिघडवलं किती

इन्चार्जसाहेबांचा प्रश्न रास्त होता. यीस्टच्या तुलनेत जीवाणू आठवा हिस्सा आणि आकारानं नगण्य, मग दीड टक्का अल्कोहोल गेलं कुठे? हिशेब मांडून बघू.

ग्लुकोजच्या एका रेणूपासून यीस्ट अल्कोहोलचे दोन आणि कार्बन डायऑक्साइडचे दोन रेणू बनवतं. वजनात, शंभर ग्रॅम ग्लुकोजपासून जास्तीत जास्त ५१ ग्रॅम अल्कोहोल. त्याच शंभर ग्रॅमचं लॅक्टोबॅसिलसनं थेट आंबवून लॅक्टिक आम्ल केलं, तर ते शंभर ग्रॅम होतं आणि अल्कोहोल शून्य. त्या टाकीत लिटरला सुमारे पाच ग्रॅम लॅक्टिक आम्ल जास्तीचं निघालं. म्हणजे लिटरला पाच ग्रॅम साखर गेली, अडीच ग्रॅम अल्कोहोल बुडालं. एक लाख लिटरच्या टाकीत हे होतं सव्वातीनशे लिटर.

पण साडेनवाचे आठ झाले म्हणजे लाख लिटरला दीड हजार लिटर गेलं. उरलेलं पावणेबाराशे लिटर कुणी खाल्लं नव्हतं, ते वॉशमध्येच साखरेच्या रूपात पडून होतं. न आंबलेली पावणेदोन-दोन टक्के साखर म्हणजेच ते अल्कोहोल. जीवाणूंनी चोरी केली थोडी. खरं नुकसान केलं ते यीस्टला आजारी पाडून. लॅक्टिक आम्ल आणि त्याहून जाचक असलेलं ॲसेटिक आम्ल कमी पीएचला विघटित न होता यीस्टच्या पटलातून आत शिरतं आणि आत गेल्यावर आम्लता वाढवतं. यीस्टला ती बाहेर उपसत बसावं लागतं, आणि त्यात ऊर्जा जाते. त्यात तिसऱ्या फर्मेंटरचं तापमान दुपारी ३६ अंशांवर जात होतं. यीस्टला ३२-३३ मानवतं. छत्तीसला ते धापा टाकतं आणि काड्या खूश असतात.

हा हिशेब मांडल्यावर 'मळी खराब' हा मुद्दा मागे पडला. तीच मळी पहिल्या टाकीतही जात होती.

औषध नेमकं कुठे लागतं

आता पहिल्या प्रश्नाकडे. डिस्टिलरीत वापरलेलं औषध पेनिसिलिनच्या कुळातलं होतं. पेनिसिलिन जीवाणूच्या भित्तिकेवर चालतं. ही भित्तिका पेप्टिडोग्लायकनची, साखरेच्या साखळ्या अमिनो आम्लांच्या टाक्यांनी शिवलेली. पेनिसिलिन ते टाके घालणाऱ्या विकरालाच (एन्झाइमलाच) अडवतं. वाढणारी पेशी भित्तिका उसवते आणि पुन्हा शिवते. शिवणं बंद पडलं की आतल्या दाबानं फुटते. यीस्टलाही भित्तिका असते, चांगली जाड, पण ती ग्लुकन आणि मॅनोप्रथिनांची, कळी तुटल्याच्या व्रणापाशी थोडं कायटिन. पेप्टिडोग्लायकनचा पत्ताच नाही, म्हणून पेनिसिलिनला तिथे कामच नाही. तक्त्यात मुलं 'पेशीभित्तिका: दोन्हींत असू शकते' असं लिहितात आणि पुढे जातात. गुण मिळतात, पण मुद्दा निसटतो. असण्या-नसण्यापेक्षा कशाची आहे हे इथे महत्त्वाचं.

दुसरी जागा रायबोझोम. जीवाणूचा ७० एस, त्याचे दोन भाग ५० एस आणि ३० एस. आपला आणि यीस्टचा ८० एस, भाग ६० आणि ४०. (बेरीज जुळत नाही म्हणून दर वर्षी एक तरी हात वर होतो. एस हे वजन नाही, अवसादनाचा, म्हणजे जोरात फिरवल्यावर खाली बसण्याचा, वेग आहे. तो आकारावरही अवलंबून असतो.) टेट्रासायक्लिन आणि स्ट्रेप्टोमायसिन ३० एसवर बसतात, क्लोरॅम्फेनिकॉल आणि एरिथ्रोमायसिन ५० एसवर. हे रेणू नेमक्या कोणत्या खाचेत बसतात, ते रायबोझोमची अणूंच्या पातळीवरची रचना हाती आल्यावर दिसलं. त्या कामासाठी वेंकटरामन रामकृष्णन, थॉमस स्टाइट्झ आणि अडा योनाथ यांना २००९ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

इथे केमिस्टनं अडवलं. "सर, पण यीस्टच्या तंतुकणिकेत पण जीवाणूसारखेच रायबोझोम असतात ना? मग क्लोरॅम्फेनिकॉलच्या प्लेटवर यीस्ट कसं वाढलं?"

मला तिचा हा प्रश्न फार आवडला. तंतुकणिका (मायटोकॉन्ड्रिया, पेशीतली श्वसनाची जागा) ही मुळात दुसऱ्या पेशीत राहायला आलेला एक जीवाणू, हे लिन मार्गुलिस यांनी १९६७ मध्ये ठामपणे मांडलं आणि आज ते सर्वमान्य आहे. तिचं स्वतःचं डीएनए असतं, स्वतःचे रायबोझोम असतात आणि ते जीवाणूच्या वळणाचे असतात. क्लोरॅम्फेनिकॉल त्यांना लागतंच. पण यीस्टला ग्लुकोज मिळत असलं की त्याचं तंतुकणिकेतल्या श्वसनाशिवाय भागतं. साखरेपासून अल्कोहोलपर्यंतचा सगळा मार्ग पेशीद्रवात आहे. त्याच प्लेटमध्ये ग्लुकोजऐवजी ग्लिसरॉल घातलं असतं, तर यीस्ट उगवलं नसतं, कारण ग्लिसरॉल वापरायला श्वसन लागतं. बोरिस एफ्रुसी यांनी १९४९ मध्ये यीस्टच्या अशा खुरट्या वसाहती दाखवल्या, ज्यांचं तंतुकणिकेतलं श्वसनच बिघडलेलं होतं आणि तरी त्या साखरेवर जगत होत्या.

डिस्टिलरीच्या दृष्टीनं यातून एक सावधगिरी निघते. रायबोझोमवरची औषधं प्री-फर्मेंटरमध्ये घालायच्या मी विरोधात आहे. तिथे हवा सोडून यीस्ट वाढवायचं असतं. पटलासाठी लागणारा एर्गोस्टेरॉल तयार करायला त्याला ऑक्सिजन हवा असतो. तिथे धडधाकट यीस्ट हवं, आणि श्वसन बिघडलेलं यीस्ट अल्कोहोल सोसायला कमी पडतं. पेनिसिलिनला ही भीती नाही. तंतुकणिकेनं पूर्वजाचे रायबोझोम ठेवले, पेप्टिडोग्लायकनची भित्तिका मात्र टाकून दिली.

गास्केटच्या खाचेत

दुसरा प्रश्न: येतात कुठून? याला पेशीविज्ञान फारसं लागलं नाही, बाटल्या आणि पायपीट लागली. पातळ केलेली मळी, पाणी, प्री-फर्मेंटर, फर्मेंटरची तोटी, उष्णता विनिमयकाच्या आधी आणि नंतर, असे नमुने घेऊन सगळ्यांच्या सायक्लोहेक्झिमाइडच्या प्लेटा घातल्या. मळीत जीवाणू होते, पण थोडे. प्री-फर्मेंटर जवळजवळ स्वच्छ. तिसऱ्या फर्मेंटरचा वॉश गार करायला बाहेरून धातूच्या प्लेटांच्या विनिमयकातून फिरवतात. त्यात शिरताना आणि बाहेर पडताना आकड्यात मोठी तफावत होती. बाहेर येणारा वॉश जीवाणू घेऊनच येत होता.

विनिमयक उघडला. धातूच्या प्लेटांवर खवल (क्षारांचा कडक थर) आणि रबरी गास्केटच्या खाचांत तपकिरी गिळगिळीत थर. पान्याच्या टोकानं उचलला तर त्याची तार सुटत होती. भिंगाखाली त्यात काड्या होत्याच, शिवाय गोल जीवाणूंच्या जोड्या आणि माळा. अशा माळा आणि असा चिकटपणा दिसला की ल्युकोनोस्टॉक आठवावा. हा सुक्रोजपासून डेक्स्ट्रान नावाची चिकट साखळी बनवतो. तोडून दोन-दोन दिवस ट्रॉलीत पडलेल्या शिळ्या उसाचा रस बुळबुळीत होतो तो बहुधा याच्यामुळे. साखर विभागाला तो चांगला ओळखीचा आहे.

आता सगळं जुळत होतं. खवल बसल्यानं वॉश नीट गार होत नव्हता, म्हणून ३६ अंश. थरात बसलेले जीवाणू दर बॅचला वॉशमध्ये सुटत होते. पेनिसिलिन लागू पडतं ते भित्तिका शिवणाऱ्या, म्हणजे वाढणाऱ्या पेशीवर. थराच्या आतल्या पेशी जवळजवळ सुस्त, त्यांची शिवणच बंद, मग अडवायचं काय? त्यातून पेनिसिलिन आम्लात आणि उबेत लवकर निकामी होतं, आणि वॉश दोन्ही होता. डोस दुप्पट केल्यानं तरंगणारे मेले, बसलेले बसूनच राहिले. अपुऱ्या डोसाचा आणखी एक धोका जीवाणूंच्या बाबतीत कायम असतो: प्रतिकाराचं जनुक छोट्या वर्तुळाकार प्लाझ्मिडवर असेल, तर ते शेजारच्या पेशीला, अगदी दुसऱ्या जातीलाही, देता येतं. यीस्टच्या पिढ्यांत हा व्यवहार असा चालत नाही.

उपाय साधे होते. विनिमयकाच्या प्लेटा सुट्या करून घासल्या, गास्केट बदलले, गरम कॉस्टिक सोड्यानं लाइन धुण्याचं वेळापत्रक लावलं. अँटिबायोटिक काही बॅचेस योग्य डोसनं ठेवून मग बंद केलं. एका बॅचचं यीस्ट सेपरेटरनं (गरगर फिरवून वेगळं करणाऱ्या यंत्रानं) काढून पुढच्या बॅचला वापरण्याची इथे पद्धत आहे. त्या यीस्टला सल्फ्युरिक ॲसिडनं पीएच २.२ पर्यंत आणून दोनेक तास ठेवायला सुरुवात केली. ब्राझीलच्या डिस्टिलऱ्यांत हे नेहमीचं आहे. यीस्टच्या पटलात प्रोटॉन बाहेर फेकणारे जोरकस पंप असतात, ते एवढा वेळ तग धरतं. लॅक्टिक जीवाणू पीएच चारला डगमगत नाहीत, पण सव्वादोनला बहुतेक मरतात.

सेपरेटरही मापाच्या फरकावरच चालतो. कण खाली बसण्याचा वेग व्यासाच्या वर्गाप्रमाणे वाढतो, म्हणून यीस्ट जीवाणूंच्या पन्नासएक पट वेगानं वेगळं होतं. यीस्टला चिकटलेल्या काड्या मात्र त्याच्याबरोबरच येतात, म्हणून आम्लाची धुणी लागतेच.

एप्रिलच्या मध्यापर्यंत तिसरा फर्मेंटर पुन्हा साडेनवाच्या जवळ आला. मामांनी वास घेऊन मान डोलावली.

तिसरा रकाना

अँटिबायोटिक बंद करण्याचा आग्रह मी धरला त्याला डिस्टिलरीच्या मागचं कारण होतं. तिथला स्पेंटवॉश (अल्कोहोल काढून उरलेलं सांडपाणी) आधी बायोगॅसच्या डायजेस्टरमध्ये जातो, नंतर प्रेसमडवर (रस गाळून उरलेल्या गाळावर) टाकून त्याचं कंपोस्ट होतं आणि ते सभासदांच्या उसात जातं. प्रतिकारक्षम जीवाणू शेतात पोचवायची वाट आपणच का करून द्यावी?

डायजेस्टरमध्ये तक्ताही मोडतो. तिथे मिथेन बनवणारे जीव आदिकेंद्रकी आहेत, केंद्रक नाही, रायबोझोम ७० एसच. पण जीवाणू नाहीत, आर्किया आहेत. कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी १९७७ मध्ये त्यांना वेगळं काढलं. त्यांच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसतं, त्यामुळे पेनिसिलिन त्यांना थेट लागत नाही. पण त्यांना लागणारं ॲसेटिक आम्ल आणि हायड्रोजन तयार करून देणारे जीवाणू मेले, की गॅस कमी होतो तो होतोच. पुस्तकातल्या तक्त्याला दोन रकाने असतात. कारखान्याच्या कुंपणाच्या आत तीन लागतात.

हंगाम संपेपर्यंत डिस्टिलरीत दर आठवड्याला दोन प्लेटा घालायची सवय लागली होती. मे महिन्यात केमिस्टचा फोन आला: सायक्लोहेक्झिमाइडची प्लेट स्वच्छ, पीएच जागेवर, तापमान जागेवर, तरी दुसऱ्या फर्मेंटरमध्ये वर फेस धरतोय आणि अल्कोहोल थोडं उतरलंय. भिंगाखाली यीस्टच दिसत होतं, फक्त काही पेशी जास्त लांबट. हे बाहेरचं, रानटी यीस्ट असावं असं वाटलं. भित्तिका ग्लुकनची, रायबोझोम ८० एस, पटलात एर्गोस्टेरॉल. आपल्या यीस्टला धक्का न लावता त्याला मारणारं एकही औषध या प्रकरणात वापरलेल्या फरकांतून निघत नाही, आणि ॲसिडच्या धुणीतूनही ते आपल्या यीस्टसारखंच जगून निघतं. ओळखायला मात्र एक युक्ती आहे. सॅकॅरोमायसिस सेरेव्हिसीला, म्हणजे आपल्या यीस्टला, नायट्रोजनसाठी फक्त लायसिन हे अमिनो आम्ल दिलं तर ते वाढत नाही, बाहेरची बरीच यीस्ट वाढतात. तिला लायसिनचं माध्यम करायला सांगितलं. प्लेटवर वसाहती आल्या. त्यावर एकच उपाय होता: दुसऱ्या फर्मेंटरचं सगळं यीस्ट टाकून दिलं, टाकी धुतली आणि नवं पाकीट फोडलं.